मारिओ एक वीट उशिरा का उडतो : आधुनिक कन्सोलवर जुने गेम खेळताना इनपुट लॅग ओळखण्याची आणि कमी करण्याची पद्धत

'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्याच पातळीत चौथी हिरवी नळी ओलांडली की थोड्याच अंतरावर पहिला खड्डा लागतो. तो दोन विटा रुंद आहे. बी बटण दाबून धरले आणि मारिओ पूर्ण वेगात धावू लागला, की तो दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलणाऱ्या दर चित्राला, सुमारे अडीच पिक्सेल पुढे सरकतो. या खेळातली एक वीट १६ पिक्सेल रुंद असते. आता असे धरा की तुम्ही ए बटण दाबल्यापासून पडद्यावर मारिओ उडालेला दिसेपर्यंत पूर्वीपेक्षा एक दशांश सेकंद, म्हणजे सहा फ्रेम, जास्त जातात. तेवढ्या वेळात तो १५ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ अख्खी एक वीट, पुढे गेलेला असतो. मारिओ काठावर दिसत असताना बोट बटण दाबते आणि तोवर तो खड्ड्यात असतो. या जास्तीच्या वेळेला इनपुट लॅग म्हणतात.

नव्वदच्या दशकात ज्यांनी 'टीव्ही गेम'वर हाच मारिओ आणि 'कॉन्ट्रा' खेळून सुट्ट्या काढल्या, त्यांच्यापैकी अनेक जण आज निन्टेंडो स्विच, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स या कन्सोलवर, म्हणजे गेमच्या यंत्रांवर, त्या काळचे गेम मुलांना दाखवायला बसतात आणि पहिल्या पाच मिनिटांत गोंधळतात. मीही त्याच खड्ड्यात सलग चार वेळा पडलो, तेव्हा हात मंदावला आहे, वय झाले आहे, असेच मला वाटले. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने बटण आणि पडदा एकत्र टिपल्यावर दिसले, की माझे बोट योग्य जागी, योग्य क्षणी पडत होते आणि उशीर टीव्ही करत होता. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की स्वतःच्या हातावर शंका घेण्याआधी आणि दुकानात जाऊन काहीही विकत घेण्याआधी विलंब नेमका कुठे होतो आहे ते शोधा. हे शोधायला एक रुपयाही लागत नाही, आणि बहुतेक घरांत त्याचा मोठा भाग टीव्हीच्या एका सेटिंगमध्ये सापडतो.

बटण ते पडदा : मधल्या वाटेवर काय घडते

जुन्या यंत्रात विलंब अगदी थोडा असे, याचे कारण त्या काळचे अभियंते लॅगचा फार विचार करत होते असे नाही. वाटेत थांबायला जागाच नव्हती. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ क्रमांकाची एक छोटी चिप होती. चार दिशा, ए, बी, सिलेक्ट आणि स्टार्ट या आठ बटणांची स्थिती ती टिपून घेई आणि एकाच तारेवरून एकामागून एक कन्सोलकडे पाठवी. गेम साधारणपणे प्रत्येक फ्रेमला एकदा ही विचारणा करत असे, आणि सेकंदाला सुमारे ६० फ्रेम असल्यामुळे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळत. तिकडे ट्यूबच्या टीव्हीला पूर्ण चित्र साठवून ठेवता येत नव्हते. कन्सोलकडून जसजसा संकेत येई, तसतसा ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर एकेक ओळ उजळत जाई. एका ओळीला सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद लागत, म्हणजे कन्सोलने जे रंगवले ते त्याच क्षणी डोळ्यांसमोर येई. त्यामुळे बटण दाबल्यावर होणारा उशीर बहुतांशी गेमच्या स्वतःच्या हिशेबापुरताच, एक-दोन किंवा फार तर तीन फ्रेमचा, उरत असे.

आजची वाट लांब आहे. बिनतारी कंट्रोलर आपला संदेश रेडिओ लहरींवर पाठवतो. तो कन्सोलच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून एमुलेटरकडे, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रामकडे, जातो. एमुलेटर फ्रेम तयार करतो, पण ती लगेच बाहेर न पडता रांगेत उभी राहते, कारण आधीची एखाद-दुसरी फ्रेम अजून दाखवायची असते. मग ती एचडीएमआय केबलमधून टीव्हीत येते. आणि टीव्ही ती पूर्ण साठवून घेतो, मूळच्या २४० ओळींवरून कन्सोलने वाढवलेले चित्र स्वतःच्या २१६० ओळींपर्यंत आणखी ताणतो, रंग उजळतो, दाणे पुसतो, हालचाल गुळगुळीत करण्यासाठी पुढच्या फ्रेमची वाट पाहतो आणि मगच पॅनेलवर उतरवतो. प्रत्येक टप्प्यावर थोडाथोडा वेळ जातो. तो तुमच्या मेंदूच्या प्रतिक्रियेच्या वेळेत मिळवला जातो. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला मुळातच साधारण पाव सेकंद लागतो.

येथे एक बारकावा आहे, जो पुढे शोध घेताना उपयोगी पडेल. विलंब कंट्रोलरकडे असेल तर तुमचा संदेश उशिरा पोहोचतो, आणि विलंब टीव्हीत असेल तर संदेश वेळेवर पोहोचतो पण तुम्ही शिळे चित्र पाहत असता; कन्सोलच्या हिशेबात मारिओ तुम्हाला दिसतो त्याच्या एक वीट पुढे गेलेला असतो. हाताला या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या जाणवतात. म्हणूनच 'कंट्रोलर खराब आहे' हा निष्कर्ष केवळ जाणिवेवरून काढू नये. तसा काढणाऱ्यांची गत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी होते : नवा कंट्रोलर घरी येतो आणि मारिओ त्याच खड्ड्यात पडतो.

पायरी पहिली : टीव्ही वाटेतून काढून पाहा

तुमच्याकडे स्विच असेल, तर शोधाचे सर्वांत चांगले साधन तुमच्या हातातच आहे. स्विच ऑनलाइनच्या सदस्यत्वात सप्टेंबर २०१८ पासून जुन्या ८-बिट गेमांचा संग्रह मिळतो आणि त्यात हा मारिओ आहे. कन्सोल डॉकमधून, म्हणजे त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या बैठकीतून, काढा, दोन्ही जॉय-कॉन (छोटे कंट्रोलर) त्याच्या कडांना बसवा आणि तीच पातळी, तोच खड्डा, दहा वेळा खेळा. नंतर लगेच कन्सोल डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर दहा वेळा खेळा. दोन्ही वेळी किती उड्या जमल्या ते कागदावर लिहून ठेवा. 'बरे वाटले' यावर विसंबू नका, कारण मधल्या काळात हात बसत जातो आणि दुसरी फेरी तशीही थोडी सोपी वाटते. शक्य असल्यास क्रम उलटा करून पुन्हा एकदा खेळा.

हातातल्या पडद्यावर खेळताना एमुलेटर तोच असतो, गेम तोच असतो, फक्त टीव्ही नसतो आणि कंट्रोलरची बिनतारी वाटही नसते, कारण कडेला बसवलेले जॉय-कॉन कन्सोलला थेट जोडलेले असतात. हातात नीट जमते आणि टीव्हीवर जमत नाही, तर दोष टीव्हीत किंवा बिनतारी जोडणीत आहे, हे नक्की. दोन्हीकडे सारखेच जड वाटत असेल, तर मात्र एमुलेटरकडे किंवा खुद्द गेमकडे पाहावे लागेल.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल, तर कन्सोल उचलून घरातल्या संगणकाच्या मॉनिटरला जोडा. मॉनिटर चित्रावर सहसा फारशी प्रक्रिया करत नाही, त्यामुळे तो तुलनेसाठी उत्तम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम या सबंध लेखात पाळायचा आहे. टीव्हीचा मोड, केबल आणि कंट्रोलर एकाच संध्याकाळी बदलले, की फरक पडला तरी तो कशामुळे पडला हे कळत नाही.

पायरी दुसरी : गेम मोड, आणि तो खरोखर चालू आहे का

आजच्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीत गेम मोड असतो. तो चालू केला की टीव्ही वर सांगितलेली बहुतेक सजावट सोडून देतो आणि चित्र आले तसे पॅनेलवर टाकतो. फरक किरकोळ नसतो : सिनेमासाठी लावलेल्या मोडमध्ये ५० ते १०० मिलिसेकंद आणि काही टीव्हींवर त्याहूनही जास्त विलंब असतो, तर तोच टीव्ही गेम मोडमध्ये १० ते २० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. मारिओच्या भाषेत सांगायचे, तर अर्ध्या ते एका विटेचा फरक.

पण तो चालू करण्यात तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे, अनेक टीव्हींवर पिक्चर मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो. सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर गेम मोड लावला आणि कन्सोल दुसऱ्या पोर्टवर असेल, तर काहीच साधत नाही. आधी गेम सुरू करा, मारिओ पडद्यावर दिसत असताना रिमोटवरून सेटिंग्ज उघडा आणि तेव्हाच मोड बदला.

दुसरी चूक नावाची आहे. 'स्पोर्ट्स' किंवा 'डायनॅमिक' हे मोड ऐकायला वेगवान वाटतात आणि क्रिकेट पाहणाऱ्या घरांत ते आधीपासून लावलेलेही असतात, परंतु त्यांत हालचाल गुळगुळीत करण्याची प्रक्रिया बहुधा जास्तच जोरात चालू असते. दोन फ्रेमच्या मधली एक काल्पनिक फ्रेम बनवायची, तर टीव्हीला पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबावेच लागते. विलंब त्या पद्धतीतच आहे. ही प्रक्रिया सॅमसंगच्या टीव्हीवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन' आणि सोनीवर 'मोशनफ्लो' या नावाने सापडते. गेम मोड नसलेल्या जुन्या एलसीडी टीव्हीवर ती पूर्ण बंद करा, त्याबरोबर नॉइज रिडक्शनही बंद करा, आणि पोर्टला नाव देण्याची सोय असेल तर ते 'पीसी' असे ठेवून पाहा. काही टीव्ही या नावावरूनच प्रक्रिया कमी करतात.

तिसरी चूक मनाची आहे. गेम मोड लावल्यावर चित्र थोडे फिके, थोडे पिवळट किंवा निळसर वाटते आणि घरातले कोणीतरी 'आधीचे चांगले होते' म्हणते, मग तो बंद होतो. येथे माघार घेऊ नका. गेम मोडच्या आत जाऊन ब्राइटनेस, रंग आणि कलर टेम्परेचर स्वतंत्रपणे बदलता येतात आणि त्याने विलंब वाढत नाही. जुन्या गेमांचे रंग तसेही मोजके आणि ठसठशीत असतात. त्यांना सिनेमासारखी रंगसफाई लागत नाही.

२०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ या मानकात एएलएलएम नावाची सोय आहे. गेम सुरू झाला की कन्सोल टीव्हीला तसे कळवतो आणि टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांवर ती आहे. तरीही खेळताना एकदा डोळ्यांनी खात्री करून घ्यावी, कारण टीव्हीच्या बाजूने ही सोय सेटिंग्जमध्ये बंद असू शकते. कन्सोल आणि टीव्ही यांच्या मध्ये साउंडबार किंवा होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर तपासणीपुरती केबल सरळ टीव्हीत लावा आणि फरक पाहा.

पायरी तिसरी : फोनने मोजा

आतापर्यंतचे काम अंदाजाचे होते. मोजमाप केले की वाद संपतो, आणि ते प्रत्येकाने एकदा तरी करावे असे मला मनापासून वाटते.

२४० फ्रेम प्रति सेकंद वेगाने स्लो मोशन टिपणारा फोन आता अनेकांकडे असतो. अशा चित्रीकरणात प्रत्येक फ्रेम सुमारे ४.१७ मिलिसेकंदांची असते. मारिओला मोकळ्या जमिनीवर उभे करा. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून असा ठेवा की पुढे तुमचा अंगठा आणि ए बटण, व मागे टीव्हीवरचा मारिओ, हे दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. खोलीत भरपूर उजेड असू द्या; उजेड कमी पडला तर अंगठ्याची हालचाल फिकट पट्ट्यासारखी उमटते आणि बटण नेमके कधी दबले ते सांगता येत नाही. दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दहा उड्या मारा.

मग फ्रेम एकेक करून पुढे सरकवता येईल अशा अ‍ॅपमध्ये किंवा संगणकावर चित्रीकरण उघडा. बटण पूर्ण खाली गेलेले दिसेल ती फ्रेम शून्य धरा. तेथून पुढे, मारिओचे पाय जमिनीवरून पहिल्यांदा सुटलेले दिसेपर्यंत, फ्रेम मोजा. दहाही उड्यांचे आकडे एकाखाली एक लिहा, सरासरी काढा आणि ४.१७ ने गुणा. माझ्या घरी टीव्हीच्या नेहमीच्या मोडमध्ये सरासरी ३१ फ्रेम आली, म्हणजे १२९ मिलिसेकंद. गेम मोड लावल्यावर ती १९ वर, म्हणजे ७९ मिलिसेकंदांवर आली. कन्सोल हातात घेऊन मोजले तेव्हा १६ फ्रेम, म्हणजे ६७ मिलिसेकंद. या तीन आकड्यांनी सगळे सांगितले : एकट्या टीव्हीच्या मोडने ५० मिलिसेकंद, म्हणजे गेमच्या तीन फ्रेम, खाल्ल्या होत्या, आणि जे ६७ उरले ते एमुलेटर, कन्सोल आणि गेम यांचे मिळून होते, ज्यात टीव्हीचा काही संबंध नव्हता.

दोन सावधगिरीच्या सूचना. काही फोन कमी फ्रेम टिपून मधल्या फ्रेम स्वतः बनवतात, त्यामुळे आधी संगणकाच्या पडद्यावर चालू असलेले मिलिसेकंदांचे स्टॉपवॉच टिपून फोनचा खरा वेग तपासा. आणि दहा आकड्यांपैकी सरासरीइतकेच लक्ष त्यांच्या पसाऱ्याकडे द्या. १८, १९, २०, १९ असे आकडे आले तर विलंब स्थिर आहे. १५, २४, १७, २८ असे आले तर तो डळमळीत आहे, आणि ती जास्त गंभीर गोष्ट आहे. स्थिर विलंबाला हात काही दिवसांत सरावतो; उडी जरा आधी मारायची हे अंगठा शिकतो, आणि बटण दाबणे व सोडणे दोन्ही सारखेच मागे सरकत असल्यामुळे उडीची उंचीही बिघडत नाही. बदलत्या विलंबाला मात्र सरावता येत नाही, कारण शिकण्यासारखे काही ठरलेलेच नसते. आकड्यांचा असा पसारा दिसला की पहिला संशय बिनतारी जोडणीवर किंवा एमुलेटर अडखळण्यावर घ्यावा.

पायरी चौथी : कंट्रोलर आणि आवाज

कंट्रोलर केबलने जोडून पाहा, पण केबल लावणे पुरेसे नसते. अनेकदा ती फक्त चार्जिंग करते आणि संदेश बिनतारीच जात राहतात. स्विचवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या भागात 'प्रो कंट्रोलर वायर्ड कम्युनिकेशन' चालू करावे लागते. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्सेसरीज'मध्ये कंट्रोलरच्या 'कम्युनिकेशन मेथड'खाली यूएसबी केबलचा पर्याय निवडावा लागतो. मूळ कंपनीच्या कंट्रोलरमध्ये तारेने होणारा फायदा बहुधा काही मिलिसेकंदांचाच असतो. स्वस्त ब्लूटूथ कंट्रोलरमध्ये तो मोठा असू शकतो, आणि राउटर कन्सोलच्या अगदी शेजारी ठेवला असेल तर आकड्यांचा पसारा कमी होण्यात तो दिसतो.

आवाजाचा मुद्दा लोक विसरतात. उडीचा आवाज उशिरा आला, तर चित्र वेळेवर असूनही सगळा खेळ जड वाटतो, कारण मेंदू दोन्हींचा मेळ घालत असतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सर्रास आढळतो. मोजमाप करताना आणि तालावर चालणारे गेम खेळताना टीव्हीचे स्वतःचे स्पीकर किंवा तारेचा हेडफोन वापरा.

पायरी पाचवी : एमुलेटरमधला विलंब

अधिकृत संग्रहांत, म्हणजे स्विच ऑनलाइन किंवा प्लेस्टेशनच्या क्लासिक्समध्ये, एमुलेटरच्या आतली सेटिंग्ज बदलण्याची मुभा जवळजवळ नसते. तेथे टीव्ही आणि कंट्रोलर नीट लावणे एवढेच आपल्या हातात आहे. एकच गोष्ट तपासा : गेमच्या पाल आणि एनटीएससी (या जुन्या टीव्ही प्रसारणाच्या दोन पद्धती) अशा दोन आवृत्त्या दिल्या असतील, तर एनटीएससी निवडा. पालमध्ये सेकंदाला ५० फ्रेम असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम २० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्याच फ्रेमचा विलंब वेळेत मोजल्यास जास्त भरतो.

याच ठिकाणी आपल्याकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे होते आणि नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले फॅमिकॉमच्या नकलेचे अनेक संच त्याप्रमाणे ५० फ्रेमवर चालत. मूळचा ६० फ्रेमसाठी लिहिलेला मारिओ त्यावर एक षष्ठांशाने सावकाश धावत असे, आणि संगीतही तितकेच संथ वाजे. आज स्विचवर तो मूळ वेगाने धावतो. त्यामुळे सगळा विलंब कमी केल्यावरही खेळ लहानपणापेक्षा घाईचा वाटला, तर तो लॅग नव्हे. तुमच्या बोटांना आठवणारा वेगच वेगळा आहे. या वेगाला सरावायला दोन-तीन संध्याकाळी द्याव्यात.

संगणक, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा डेव्हलपर मोडमधला एक्सबॉक्स यांवर रेट्रोआर्च हा एमुलेटर चालवणारा प्रोग्राम वापरत असाल, तर मात्र बरेच काही करता येते. २०१८ मध्ये त्यात 'रन-अहेड' ही सोय आली. तिची कल्पना सुंदर आहे. बहुतेक जुने गेम बटण दाबल्यावर एक-दोन फ्रेम स्वतःच विचारात घालवतात आणि मग पात्र हलवतात. रन-अहेड दर फ्रेमला आत्ताचे बटण धरून गेम एक-दोन फ्रेम पुढे चालवून पाहते, तेथे जे चित्र निघेल ते दाखवते आणि लगेच गेमची स्थिती मागे आणते. म्हणजे मूळ यंत्रावरही जो विलंब होता, तोसुद्धा कमी होतो. याला प्रोसेसरची ताकद लागते, म्हणून ८-बिट आणि १६-बिट गेमांवर ती सुरळीत चालते आणि पुढच्या पिढीच्या गेमांवर अडखळू शकते.

किती फ्रेम पुढे जायचे, हे प्रत्येक गेमसाठी वेगळे ठरवावे लागते. संगणकाच्या कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा, उडीचे बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. मारिओ ज्या दाबाला पहिल्यांदा हलेल, त्याच्या आधी किती वेळा के दाबले ते मोजा; तितक्याच फ्रेम रन-अहेडमध्ये द्या. जास्त दिल्यास खऱ्या हालचालीचा काही भाग गाळला जातो आणि मारिओ जमिनीवरून झटक्यात हवेत उमटल्यासारखा दिसतो. गेमची फाइल मात्र स्वतःच्या मालकीच्या कॅसेटमधून काढलेली किंवा निर्मात्याने मोफत दिलेली असावी.

मूळ जुने यंत्र नव्या टीव्हीला जोडायचे असेल तर

माळ्यावरून जुना संच खाली काढला आणि तो चालू झाला, यासारखा आनंद नाही. पण त्याची पिवळी, पांढरी केबल सरळ नव्या टीव्हीत घातली तर विलंब पुन्हा वाढतो. जुने कन्सोल २४० ओळींचे सलग चित्र पाठवतात, आणि अनेक नवे टीव्ही त्याला ४८० ओळींचे एकाआड एक विणलेले चित्र समजून ते उसवत बसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे एव्ही ते एचडीएमआयचे छोटे, स्वस्त डबे बहुधा हीच चूक करतात आणि वर स्वतःचा विलंब घालतात. डब्याच्या दर्शनी भागावर १०८० लिहिले आहे, यावरून त्याच्या वेगाबद्दल काहीही कळत नाही. जुन्या यंत्रांसाठी खास बनवलेली ओएसएससी आणि रेट्रोटिंकची काही मॉडेल ही उपकरणे प्रत्येक ओळ आली की लगेच दुप्पट किंवा चौपट करून पुढे पाठवतात; ओएसएससीचा विलंब एका फ्रेमच्या अगदी छोट्या अंशाएवढा असतो. ती महाग आहेत, बाहेरून मागवावी लागतात, आणि नवख्याने पहिल्याच महिन्यात घ्यावीत असे मी म्हणणार नाही. कोणाच्या घरी चालू स्थितीतला ट्यूबचा टीव्ही पडून असेल, तर आधी तो मागून आणा.

'डक हंट'ची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर कोणत्याही सेटिंगने चालत नाही. घोडा दाबताच गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो उजेड नेमक्या त्या फ्रेममध्ये आणि ट्यूबच्या झोताच्या ठरावीक लयीत शोधतो. एलसीडीवर तो चौकोन काही फ्रेम उशिरा येतो आणि झोताची ती लयही नसते, त्यामुळे प्रत्येक गोळी वाया जाते. बंदूक बिघडली असे समजून ती उघडू नका.

हे सगळे झाल्यावर

शेवटचे मोजमाप पुन्हा दहा उड्यांचे करा आणि कागदावर तारीख, टीव्हीचा मोड, कंट्रोलरची जोडणी आणि सरासरी आकडा लिहून तो टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा. टीव्हीचे सॉफ्टवेअर अपडेट झाले, कन्सोल दुसऱ्या पोर्टवर गेला किंवा पाहुण्यांपैकी कोणी सिनेमासाठी मोड बदलला, की एखाद्या दिवशी मारिओ पुन्हा त्याच खड्ड्यात पडू लागेल. तेव्हा तो कागद काढा, मोड तपासा, आणि तरीही शंका राहिली तर फोन पुन्हा पुस्तकांच्या थप्पीला टेकवा.